जसा होता तसा

पडले कशी, ते सांगण्यासारखं नाही.
ओट्यावरची केटली उचलली, वळले,
आणि डावा पाय नुसता मागे राहिला.
लाकडी फूटपट्टी मोडावी तेवढाच आवाज.
एवढ्यावर मांडीचं हाड गेलं.

रोसारिओचं सरकारी इस्पितळ, चौथा मजला.
डॉक्टर लाउतारो, तेहतिशीचा असेल नसेल,
पडद्यावर एक्स-रे मोठा करतो, लहान करतो, गप्प.
पोलिओ त्यानं फक्त पुस्तकात पाहिलेला.
उजवी मांडी एका म्हाताऱ्या बाईची,
डावी तिच्या नातीची वाटावी अशी.

"इथं काही जाणवतं का?"
बाबा रे, गेली ती ताकद.
कळ कुठंच गेली नाही.
चादरीची सुरकुतीसुद्धा टोचते मला तिथं.
मिर्ता नर्सनं न सांगता ब्लँकेट गरम करून आणलं;
तिच्या मावशीचा पाय असाच गार पडायचा म्हणे.

मग त्याला छप्पन्न सालचं सांगितलं.
गल्लीभर झाडांच्या बुंध्यांना चुना,
पोरांच्या गळ्यात कापराच्या पुरचुंड्या.
माझ्याही होती, आईनं रात्रीत शिवलेली.
ताप उतरला तेव्हा कापूर उडून गेला होता,
पिशवी तेवढी राहिली.
पायाचंही तेच झालं म्हण.

तो म्हणाला, आत सळई घालू, नऊ मिलिमीटर.
मी म्हटलं, माझ्या हाडाची पोकळी मोजलीस का?
मापून आला. खाली मान.
ब्रुस्सोने बंधू, लोखंडी सामान, सान लुइस रस्ता:
एक्केचाळीस वर्षं गल्ल्यावर बसलेय मी,
हाडाची दुकानदार.
पातळ फळीला जाड स्क्रू मारला की
फळी सुताराकडे बघत उभी चिरते.
बारीक घे. जास्त घे. अंतर ठेव.
पट्टी पोरांच्या मापाची माग.
हा पाय तीन वर्षांचा असताना थांबलाय,
बाकीची मी पुढे निघून आले.

तो हसला नाही. मुलांच्या विभागात फोन केला.

फोन ठेवला आणि म्हणाला, सेन्योरा,
गुडघा मागे झुकलाय तुमचा,
उघडतोच आहोत तर तोही सरळ करून देतो.

त्याचं मनगट धरलं मी.
ऐक. मांडीत ओढायला स्नायू नाही,
अडुसष्ट वर्षं मी उभी राहते ती त्या वाकावर.
भार मागे टाकते, गुडघा मागे जातो,
कडी बसते,
मग दुसरं पाऊल.
तू ती कडी काढलीस
तर पाय देखणा होईल
आणि मी खुर्चीत.
जसा होता तसा दे. वाकडाच दे.

स्टूल ओढून बसला.
"दाखवा ना, कशा चालता."
झोपल्या जागी काय दाखवणार?
ब्लँकेटवर दोन बोटं चालवली,
एक बोट दर वेळी मागे मोडत.
तीनदा बघितलं त्यानं.
मग औषधाच्या चिठ्ठीमागे कोन काढला,
पुसला, पुन्हा काढला,
मला विचारून.

भूल देणाऱ्या बाईला मात्र मीच बजावलं:
बेताबेतानं. आम्ही उशिरा जागे होतो.

पाच महिने झाले. हाड आळशी आहे,
फटीत अजून केसाएवढी रेघ दिसते
आणि लाउतारो ती दर वेळी नव्यानं मोजतो.
अकरा स्क्रू. डझनाची किंमत लावली असती मी.

काल दोन दांड्यांमध्ये उभं केलं मला.
तो दारात. तोंडाकडे नाही, गुडघ्याकडे बघत.
हात दांडीवरून उचलले, पुरते नाहीत, अर्धे.
भार मागे टाकला.
कडी बसली.

"वाकडाच दिसतो," तो म्हणाला.
म्हटलं, हो.